मुंद्रा अल्ट्रा मेगा पॉवर प्रोजेक्ट म्हणजे काय? परदेशी कर्ज, कोळसा आणि मच्छीमारांची केस : संपूर्ण माहिती



काल रात्री फोन चार्जिंगला लावताना मी एक सोपा हिशोब केला. माझ्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची आहे. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी एका फुल चार्जला साधारण २५ वॅट-अवर लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये फोन जवळपास ४० वेळा चार्ज होतो! वीज इतकी स्वस्त पडते, पण तिची किंमत फक्त आपल्या बिलात असते का? आजच्या लेखात आपण गुजरातमधल्या एका मोठ्या कोळसा प्रकल्पाची माहिती घेणार आहोत. चला तर मग, सुरुवात करूया.

हा प्रकल्प कुठे आहे?

कच्छ जिल्ह्यात, मुंद्रा तालुक्यात, तुंडा-वांढ गावाजवळ समुद्रकिनारी. टाटा पॉवरच्या कोस्टल गुजरात पॉवर लिमिटेड या कंपनीने तो उभारला. क्षमता सुमारे ४००० मेगावॅट. पहिलं युनिट २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०१३ पर्यंत पाचही युनिटं चालू झाली. कोळसा मुख्यतः इंडोनेशियातून जहाजाने येतो. प्लांट पूर्ण क्षमतेने चालला तर वर्षाला साधारण १.२ कोटी टन कोळसा लागतो.

ही वीज पाच राज्यांसाठी आहे : गुजरात, महाराष्ट्र, पंजाब, हरियाणा आणि राजस्थान. ३८०० मेगावॅटच्या करारात महाराष्ट्राचा वाटा ७६० मेगावॅट, म्हणजे बरोबर एक पंचमांश. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे माझ्या सॉकेटमधली वीज नक्की कुठली हे सांगता येत नाही. पण या प्रकल्पाशी आपला काही संबंध नाही, असंही म्हणता येत नाही.

परदेशी पैसा कसा आला?

कंपनीने साधारण २ रुपये २६ पैसे प्रति युनिट असा दर लावून बोली जिंकली होती. प्रकल्प प्रचंड, म्हणून कर्जही प्रचंड. २००८ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी प्रत्येकी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. एक आयएफसी, म्हणजे खासगी कंपन्यांना कर्ज देणारी जागतिक बँक समूहातली संस्था. दुसरी आशियाई विकास बँक.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा संस्था कर्जासोबत अटीही घालतात. प्रकल्पाचा कुणावर परिणाम होणार हे आधी शोधायचं, त्या लोकांशी बोलायचं आणि नुकसान टाळायचं. पुढचा सगळा वाद याच अटींवरून आहे.

गरम पाण्याची भानगड काय आहे?

गेम खेळताना फोन तापतो ना? प्लांटचंही तसंच आहे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. कोळसा जाळून वाफ तयार होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि मग ती वाफ थंड करून तिचं परत पाणी करावं लागतं. आधुनिक सुपरक्रिटिकल प्लांटमध्येसुद्धा कोळशातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर जाते. ती काढायचे दोन मुख्य मार्ग आहेत :

१. क्लोज्ड सायकल : कूलिंग टॉवर वापरून तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं. यात खर्च जास्त.
२. वन्स-थ्रू : समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एकदा वापरायचं आणि गरम झालेलं परत समुद्रात सोडायचं. यात खर्च कमी.

मुंद्राच्या सुरुवातीच्या आराखड्यात क्लोज्ड सायकल होती. नंतर ती बदलून वन्स-थ्रू पद्धत आली.

स्थानिक लोकांचं म्हणणं काय?

कच्छच्या या किनाऱ्यावर मासेमारी करणारी कुटुंबं वर्षातले कित्येक महिने बंदरावरच झोपड्या बांधून राहतात. त्यांच्यातले काही जण पगडिया, म्हणजे होडी न वापरता ओहोटीच्या उथळ पाण्यात पायी जाऊन जाळी लावणारे. त्यांचं सगळं पोट किनाऱ्यालगतच्या पाण्यावर.

त्यांचं म्हणणं असं की गरम पाण्यामुळे किनाऱ्याजवळचे मासे कमी झाले, वाळत घातलेल्या मासळीवर कोळशाची धूळ आणि राख पडते, बंदरावर जायची वाट लांबली. शेतकऱ्यांची तक्रार होती की विहिरींचं पाणी खारं झालं. कंपनीने हे आरोप नाकारले. शिवाय शेजारीच अदाणींचा ४६२० मेगावॅटचा दुसरा कोळसा प्लांट आहे. त्यामुळे कुठलं नुकसान नेमकं कुणामुळे, हे वेगळं काढणं अवघड होतं.

तक्रार कुठे केली?

२०११ मध्ये मच्छीमार अधिकार संघर्ष संघटनेने आयएफसीच्या तक्रार यंत्रणेकडे, म्हणजे सीएओकडे तक्रार केली. २०१३ मध्ये सीएओचा अहवाल आला. हंगामी मुक्काम करणाऱ्या मच्छीमारांना सुरुवातीलाच प्रकल्पबाधित म्हणून नीट गृहीत धरलं गेलं नाही, त्यांच्याशी पुरेशी चर्चा झाली नाही आणि समुद्रावरच्या परिणामांची तपासणी अपुरी होती, असं त्यात म्हटलं होतं. पण सीएओ नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकत नाही.

मग केस थेट अमेरिकेत का?

कारण आयएफसीचं मुख्यालय वॉशिंग्टनमध्ये आहे. २०१५ मध्ये मच्छीमार, शेतकरी आणि नवीनाळ ग्रामपंचायत यांनी तिथे खटला भरला. आयएफसीचं उत्तर होतं : १९४५ च्या कायद्यानुसार आमच्यावर खटलाच भरता येत नाही. खालच्या दोन्ही कोर्टांनी ते मान्य केलं.

पण २७ फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ मतांनी निकाल फिरवला. अशा संस्थांना परदेशी सरकारांइतकंच संरक्षण आहे, त्याहून जास्त नाही, असं कोर्टाने सांगितलं. व्यापारी व्यवहारांबाबत परदेशी सरकारांवरही खटला चालू शकतो. ही केस 'जाम विरुद्ध आयएफसी' म्हणून जगभर ओळखली जाते.

आता तुम्हाला वाटेल, मच्छीमार जिंकले. तत्त्व जिंकलं, पण भरपाई मिळाली नाही. नुकसानीचं मूळ अमेरिकेत नसून भारतात आहे, असं म्हणत खालच्या कोर्टाने २०२० मध्ये खटला पुन्हा काढून टाकला. अपील कोर्टाने २०२१ मध्ये ते कायम ठेवलं आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा ऐकायला नकार दिला. सात वर्षं केस चालली, पण नुकसान किती झालं यावर सुनावणी झालीच नाही.

आपल्या गावाजवळ प्रकल्प येत असेल तर?

मला या प्रकरणातून समजलं ते एवढंच : प्लांट उभा राहिल्यावर न्याय मिळवणं फार अवघड, म्हणून माहिती आधी हवी. आणि ती फोनवर मिळते.

• 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचे अर्ज आणि मंजुरीची पत्रं पाहता येतात. कूलिंगची पद्धत कुठली आहे, ते तिथे जरूर बघा.
• आयएफसी, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक आपल्या वेबसाइटवर प्रकल्पांची माहिती टाकतात. प्रकल्पाचं नाव सर्च करा, परदेशी कर्ज आहे का ते कळेल.
• जनसुनावणी असेल तर आधी ३० दिवसांची सूचना आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. आपल्याकडे म्हणजे मराठीत.
• सीएओकडे तक्रार कुठल्याही भाषेत करता येते. अर्थात मराठीतही.

मुंद्राच्या मच्छीमारांना प्लांटच्या नोंदींमध्ये सुरुवातीला जागाच मिळाली नव्हती. आपल्या भागात जनसुनावणी लागली तर किनाऱ्यावरचे, नदीकाठचे, हंगामी राहणारे लोक त्या अहवालात आहेत का, एवढं तरी नक्की तपासा. आणि माहिती उपयोगी वाटली तर गावाच्या ग्रुपवर टाका.