एचआयव्हीविषयक सामाजिक कलंक, बडोदे येथील

एचआयव्हीची बाधा झालेल्या मनुष्याच्या शीलाविषयी शंका घेऊन त्यास कुटुंब, शेजार व उपजीविका यांपासून दूर लोटण्याची समाजप्रवृत्ती. हा विषाणू स्पर्शाने वा सहभोजनाने पसरत नाही. तथापि लैंगिक संबंध हा त्याच्या संक्रमणाचा एक मार्ग असल्याने मातेकडून बाधा झालेले निरपराध बालकही या दूषणातून सुटत नाही. ज्या बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र जारी केले, त्याच्या राजधानीतही हे अज्ञान टिकावे, ही विषादाची गोष्ट होय.

समलिंगी पुरुषांवर हा भार दुहेरी पडला. कारण भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाने त्यांचे संबंधच गुन्हा ठरविले असता इस्पितळात जाऊन सत्य सांगणे म्हणजे स्वतःविरुद्ध जबानी देण्यासारखेच होते. त्यांच्यात एचआयव्ही-प्रतिबंधाचे कार्य करणारा लक्ष्य ट्रस्ट राजपीपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००० मध्ये स्थापन केला. २००६ मध्ये त्यांनी आपली समलिंगी ओळख वृत्तपत्रातून प्रकट करताच राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळण्यात आले. त्याच वर्षी ट्रस्टला नागरी संस्थांसाठीचा पुरस्कार लाभला.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. अवघ्या चार दिवसांनी एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ अंमलात आला; त्यान्वये नोकरी, शिक्षण, निवास व उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई असून शंभर वा अधिक व्यक्तींच्या आस्थापनेस, आरोग्यसेवेच्या बाबतीत वीसच व्यक्ती असल्या तरी, तक्रार-अधिकारी नेमावा लागतो.