निसर्गछायाचित्र (कथाप्रतीक)
बाप-लेकांतील दुरावा संवादाऐवजी निसर्गदृश्याच्या छायाचित्रातून सुचवण्याची कथनातील युक्ती. तिचे ठळक उदाहरण म्हणजे आंद्रेय झ्व्यागिन्त्सेव यांचा ‘द रिटर्न’ (२००३) हा रशियन चित्रपट. व्हेनिस महोत्सवात त्याला ‘गोल्डन लायन’ मिळाला. बारा वर्षांनी घरी परतलेला बाप आंद्रेय आणि इव्हान या मुलांना सहलीला नेतो. हा खरेच आपला बाप का, हे मुले माळ्यावरचा जुना फोटो काढून ताडून पाहतात. तो सापडतो एका ग्रंथातील अब्राहम-आयझॅक या बायबलमधील बाप-लेकांच्या चित्रापाशी. ही सूचना जरा उघडच म्हणायची. अधिक बोलकी आहेत ती अखेरीस एकामागून एक येणारी प्रवासातील कृष्णधवल छायाचित्रे: पाणी, किनारा, मुले. सहल ज्याने आखली तो बाप मुलांनी टिपलेल्या या चौकटींत नाही. मोकळ्या किनाऱ्यामुळे त्याचे नसणे डोळ्यांत भरते.

हिंदीत ‘थ्री इडियट्स’ (२००९) हा चित्रपट हाच धागा हलका करतो. त्यातील फरहानला वन्यजीवांची छायाचित्रे काढायची आहेत, वडिलांना मुलगा इंजिनिअर हवा आहे. तेथे वाद छंद आणि पोटापाण्याचा असल्याने समेटही चटकन होतो.