मास्तरकीची सनद

गेल्या पावसाळ्यात, महाविद्यालयीन प्रवेशांच्या धामधुमीत, आमच्याकडून इतिहास विषय घेऊन पदवीधर झालेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. भुदरगड तालुक्यातील एका वाडीवरची ही मुलगी; तिच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. बी.एड.ची सामाईक प्रवेशपरीक्षा ती उत्तीर्ण झाली होती आणि आता महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावयाचा होता. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, अशी सारी कागदपत्रे होती. त्यांपैकी दोहोंवर वडिलांचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले, आणि तेवढ्यामुळे ती घाबरून गेलेली. कागद पाहून झाल्यावर तिने अगदी सहज विचारले, "सर, तुम्ही बी.एड. कुठून केलंत?"

मी बी.एड. केलेले नाही, हे तिला सांगताना मला संकोच वाटला हे कबूल केले पाहिजे. गेली तीस वर्षे मी वर्गात उभा राहतो; परंतु शिकवावे कसे, हे मला कोणी शिकविले नाही, आणि ते मला येते की नाही याची पाहणीही कोणी केली नाही. आमच्यासाठी नेट किंवा सेट नावाची परीक्षा आहे खरी, आणि तिच्यात अध्यापनक्षमतेवर काही प्रश्नही असतात. परंतु फळ्यापुढे उभे राहून दाखवा, असे तिथे कोणी म्हणत नाही. पाचवीच्या वर्गास भूगोल शिकविणाऱ्याने आपली पात्रता पदविकेने, पदवीने, पुन्हा पात्रतापरीक्षेने सिद्ध करावी, आणि एम.ए.च्या वर्गास शिकविणाऱ्याने मात्र विषय येतो एवढ्यावर निभावून न्यावे, ही व्यवस्था चमत्कारिक आहे खास. ती कशी घडत आली, हे पाहावे म्हणून जुन्या गोष्टी पुन्हा चाळल्या. त्यांतल्या काही वाचकांपुढे ठेवतो.

जुन्या गावठी शाळेतील पंतोजीस सनद नव्हती. मोडी अक्षर, पाढे, हिशेब ही त्याची विद्या आणि गावाने दिलेले धान्य हे त्याचे वेतन. मुंबई इलाख्यात शिक्षकास आधी तयार करून मग शाळेवर पाठवावे, ही कल्पना प्रथम अमलात आली ती 1820 नंतरच्या दशकात. मुंबईच्या 'नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी'ने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली 24 शिक्षक तयार केले आणि 1826 साली त्यांस मराठी व गुजराती मुलखांत पाठविले. पुढे 1845 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये नॉर्मल क्लास निघाला व तो बाळशास्त्री जांभेकरांच्या हाती देण्यात आला. 'दर्पण'कार म्हणून बाळशास्त्र्यांचे स्मरण आपण दरसाल करतो. परंतु शिक्षकांचे शिक्षक म्हणून त्यांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. दुर्दैवाने 1846 च्या मे महिन्यात ते निवर्तले आणि त्या वर्गाचा चालक गेला.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा काळ त्यानंतरचा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा विद्वान त्याचा प्रमुख होता, आणि 'शालापत्रक' हे मासिकही त्याच परिसरातले. मराठी निबंधाची एक शाखा मास्तर घडविण्याच्या कारखान्यात रुजली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. परंतु ह्या कारखान्याच्या दाराशी अर्ज घेऊन उभे कोण राहत होते, हा खरा प्रश्न. आणि तो सर्वांत स्पष्टपणे विचारला जोतीराव फुल्यांनी.

1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, ते वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, स्त्रीशिक्षण अशा अनेक कारणांनी उद्धृत होते. मला त्यातला प्राथमिक शिक्षकांविषयीचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सरकारी शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांचे वेतन तुटपुंजे आहे आणि त्यांचे वजन गावावर पडत नाही, ही त्यांची तक्रार. उपाय म्हणून त्यांनी सांगितले ते असे, की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडून त्यांस रीतसर शिक्षण द्यावे; ते लोकांत मिसळणारे असावेत, आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांस लाज वाटू नये. तयार झालेल्या शिक्षकास दरमहा 12 रुपयांहून कमी देऊ नये आणि मोठ्या गावी 15 ते 20 द्यावे, असा आकडाही त्यांनी घातला. ह्यात ध्यानात घेण्याजोगे असे की, जोतीरावांनी ट्रेनिंगची सनद नको असे म्हटले नाही. ती हवीच, परंतु ती ज्यांच्या हाती पडते त्यांचे वर्तुळ विस्तृत करा, आणि ती मिळविणाऱ्यास पोट भरेल इतके द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. सनद, निवड आणि वेतन ही तीन अंगे त्यांनी एकत्र धरली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपण त्यांची वेळोवेळी ताटातूट केली.

दुय्यम शाळांची गोष्ट तर आणखी मजेची आहे. पदवीधर इसम विद्वान असतो, सबब त्यास शिकविताही येते, हा समज इतका दृढ होता की एकोणिसावे शतक संपताना साऱ्या हिंदुस्थानात दुय्यम शिक्षकांची अशी सहाच महाविद्यालये होती: सैदापेठ, राजमहेंद्री, कर्सियांग, अलाहाबाद, लाहोर व जबलपूर. त्यांत मुंबई इलाख्याचे नाव नाही! ज्या इलाख्यास आपल्या विद्वत्तेचा एवढा अभिमान, तेथे ही उणीव 1906 साली मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले तेव्हा भरून निघाली. विश्वविद्यालयाची बी.टी. ही पदवी तर 1922 सालची. त्यानंतर मात्र 'बी.ए., बी.टी.' ही जोडी मराठी मध्यमवर्गाच्या दारावरच्या पाट्यांवर स्थिर झाली. आचार्य अत्र्यांस आपण नाटककार, संपादक, वक्ते म्हणून ओळखतो. पण ते बी.टी. होते, लंडनची टी.डी. ही अध्यापनाची पदविकाही त्यांनी मिळविली होती, आणि 'नवयुग वाचनमाला' त्या शिक्षणाखेरीज झाली असती असे मला वाटत नाही.

आता कोल्हापूरकडे वळू. शाहू छत्रपतींच्या 1917 च्या हुकुमाचा उल्लेख प्रत्येक जयंतीस होतो. सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. परंतु हुकूम निघाल्याने शाळा निघत नाही. शाळेस मास्तर लागतो. ह्या योजनेखाली 1917-18 साली 27 शाळा व 1,296 विद्यार्थी होते. 1921-22 पर्यंत शाळा 420 झाल्या व विद्यार्थी 22,007. चार वर्षांत जवळजवळ चारशे नव्या शाळा! एका शाळेस एकच मास्तर धरला, तरी चारशे माणसे कोठून आणावयाची? मुलकी खात्याचा कारकून एका रात्रीत नेमता येतो. पण तीस-चाळीस पोरे समोर बसवून चार तास त्यांस धरून ठेवणारा माणूस तसा तयार होत नाही. इतिहासकार विद्यार्थिसंख्या मोजतात आणि ह्या चारशे मास्तरांस विसरतात. त्यांतले कित्येक मराठी सातवी झालेले, विशीच्या आतबाहेरचे तरुण असणार; व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होणे हीच त्या काळी खेड्यातली मोठी विद्या होती. 1902 च्या जुलैत ज्या राजाने सरकारी नोकरीतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्याच्याच राज्यात ही मास्तरकीची वाट रुंदावली, हा योगायोग नव्हे. जोतीरावांनी 1882 साली जे मागितले, त्यातला 'निवड' हा भाग येथे पहिल्याने प्रत्यक्षात येऊ लागला.

स्त्रियांच्या बाबतीतही करवीर मागे नव्हते. रखमाबाई केळवकर ह्या संस्थानच्या स्त्रीशिक्षण खात्यावर अधीक्षक होत्या. ज्या काळी मुलीस शाळेत धाडणे हेच धाडस, त्या काळी स्त्रियांस शिक्षिका म्हणून उभे करणे हे त्यांचे काम. त्यांची कन्या कृष्णाबाई पुढे डॉक्टर झाली, हे सर्वांस ठाऊक असते. आईच्या कामाची नोंद त्यामानाने थोडकी झाली.

दुय्यम शिक्षकांसाठी कोल्हापुरात महाराणी ताराबाईंच्या नावाचे ट्रेनिंग कॉलेज निघाले ते 1934 साली, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य तेव्हा डॉ. बाळकृष्ण होते, शिवचरित्राचे हे अभ्यासक कोल्हापूर हे विद्येचे केंद्र व्हावे म्हणून झटणाऱ्यांत अग्रेसर होते. पुण्यास टिळक कॉलेज ऑफ एज्युकेशन 1941 साली निघाले, म्हणजे ह्या बाबतीत कोल्हापूर पुण्याच्या सात वर्षे पुढे! (हे वाक्य लिहिताना मला जो आनंद झाला, तो पुणेकर वाचकांनी क्षम्य मानावा.) दक्षिण महाराष्ट्रातील शिक्षकाला ह्यापूर्वी बी.टी. व्हावयाचे म्हणजे मुंबई गाठणे भाग होते. संसारी माणसाने रजा काढावी, बिऱ्हाड मागे ठेवावे, खाणावळीचा खर्च सोसावा. सांगली-मिरजेच्या, बेळगावच्या मास्तरास आता कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आले. पात्रतेचा नियम कागदावर एकच असला तरी ती मिळविण्याचे ठिकाण जवळ आले की अर्ज करणारी माणसे बदलतात.

तिथे जे शिकवीत, त्याची चेष्टाही पुष्कळ झाली आहे. हर्बार्टची पंचपदी, पाठाचे टाचण, मागच्या बाकावर वही घेऊन बसलेला निरीक्षक, आणि त्याच्या दहशतीने घोटून पाठ केलेले प्रश्न. ह्या पाच पायऱ्या खुद्द हर्बार्टच्या नव्हेत. त्याच्या शिष्यांनी त्या बांधून काढल्या, आणि मग प्रत्येक धडा त्या जिन्यावरून चढू-उतरू लागला. ही टीका खरी आहे. परंतु मी माझे पहिले वर्ष आठवतो. एका महाविद्यालयात मी टिपणांचे बाड घेऊन पन्नास मिनिटे खाली मान घालून वाचीत असे. फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा समोरचा अर्धा वर्ग झोपलेला होता. माझ्या मागच्या बाकावर कोणी वही घेऊन बसला असता, तर त्या मुलांवर उपकार झाले असते.

1935 साली साताऱ्यास भाऊराव पाटलांनी प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलातले विद्यार्थी, शाहूंच्या छायेत वाढलेले. खेड्यांत शाळा काढावयाच्या तर खेड्यातलाच मास्तर आधी घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 1949 च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले. ताराबाईंच्या नावाचे कॉलेज सरकारचे झाले. विद्यापीठ आधी पुण्याचे, मग 1962 पासून शिवाजी विद्यापीठ. बी.टी.ची बी.एड. झाली. 1993 च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद वैधानिक झाली. 2013 पासून महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि 2015 पासून बी.एड. एका वर्षाची दोन वर्षांची झाली. ह्या प्रत्येक पायरीस कारण होते, आणि प्रत्येकीने अर्ज करणाऱ्याच्या पिशवीत एकेक कागद वाढविला. सनदीची अट कडक होत गेली. परंतु सनद मिळाल्यावर पुढे काय, याचे उत्तर मात्र पातळ होत गेले. बी.एड. होऊन वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणारे, तोवर तासिकेवर राबणारे तरुण आमच्या जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. जोतीरावांच्या 12 रुपयांत निदान दरमहाचा हिशेब होता.

हे सारे मी त्या मुलीस सांगितले नाही. वडिलांच्या नावाच्या फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र कसे करावे तेवढे सांगितले, आणि पसंतीक्रमात घरापासून एस.टी.ने रोज जाऊन येता येईल असे महाविद्यालय वर घाल म्हटले. दोन वर्षे वसतिगृहाचा खर्च घरास झेपणारा नव्हता.

तिला प्रवेश मिळाला. गेल्या महिन्यात ती पुन्हा आली होती. सातवीच्या वर्गावर तिचा पहिला सराव पाठ होता आणि त्यासाठी करवीर संस्थानचा नकाशा हवा होता. माझ्याकडचा जुना नकाशा गुंडाळून दिला. पाठास किती मिनिटे असतात, असे विचारले, तेव्हा तिने सांगितले. आणि मग टाचणाची वही उघडून, कोठल्या मिनिटास कोणता प्रश्न विचारावयाचा, हे ती मला दाखवू लागली.