कुंथलगिरीचा ल

सध्या नव्या धंद्याला जुनं रूप देण्याची टूम आहे. दुकान कालच उघडलेलं असतं, पाटीवरची अक्षरं मात्र पणजोबांच्या काळातली! माझ्या भाच्याने भूम तालुक्यात खवा-पेढ्यांचा छोटा धंदा काढायचं ठरवलं, तेव्हा त्याचीही फर्माईश हीच होती. "मामा, लोगो जरा जुन्या स्टाइलचा हवा." मामाला अक्षरांचं वेड, त्यामुळे मी उलट विचारलं, "जुना म्हणजे कुठला रे?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जुनी मराठी अक्षरं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती मुंबईची. तिथे गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं. पुढे जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या टायपाचं वळण इतकं देखणं होतं, की पोथ्या, पंचांगं आणि स्तोत्रांच्या पुस्तकांतून ते घरोघरी पोचलं. देवघरात आजीच्या हातात असायचं ते हेच अक्षर.

पण धाराशिव तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, निजामाच्या राज्यात होतं. तिथल्या दप्तरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचं माध्यम उर्दूच. उर्दूचं नस्तालिक वळण खिळ्यांत नीट बसेना, म्हणून कातिब हाताने लिहायचा आणि ते दगडावरून छापलं जायचं. मराठी माणसाचा खासगी हिशेब असायचा मोडीत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणजे आमच्या भागाचा "जुना काळ" हा तीन लिप्यांचा आहे. त्यातली फक्त निर्णयसागरी बाजू उचलायची, म्हणजे शेजाऱ्याच्या आजोबांचा फोटो आपल्या दिवाणखान्यात लावण्यासारखं झालं.

मग मोडी घ्यावी? मोह होतो खरा. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागाही मिळाली आहे. पण गिऱ्हाइकाला दुकानाचं नावच वाचता आलं नाही तर पेढा विकायचा कसा? शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची आहे, आणि ती अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मोडी फार तर पेढ्याच्या खोक्यावर कोपऱ्यात शोभेल.

मला विचाराल तर आमचं खरं जुनं अक्षर म्हणजे पेंटरचं अक्षर. खडूने वर-खाली दोन रेघा आखायच्या, चपट्या ब्रशने जाड-बारीक वळण काढायचं आणि शेवटी एका बाजूला गडद सावली द्यायची. फ्लेक्स येण्याआधी एसटी स्टँडपासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे हेच होतं. हे अक्षर कुठल्या टायपावरून आलेलं नाही. त्या हाताची लकब, दुकानाची रुंदी आणि नावाची लांबी यांतून ते घडलं. तेव्हा भाच्याला सांगितलं, एखादा जुना पेंटर गाठ, त्याच्याकडून नाव लिहून घे आणि त्याचाच लोगो कर. त्याच्या कष्टाचे पैसे मात्र पूर्ण दे!

फॉन्टच वापरायचा तर एक सोपी परीक्षा आहे. "कुंथलगिरी" आणि "धाराशिव" हे दोन शब्द त्यात लिहून बघा. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल उभ्या दांड्याचा. श चंही तसंच, दोन्हीकडचं वळण वेगळं. संगणकाच्या लेखी कोड एकच, आकार ठरवतो फॉन्ट. त्यामुळे "व्हिंटेज" म्हणून मिळालेल्या फॉन्टात कित्येकदा आपला ल गायब असतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि हो, पाटीवर "स्थापना" लिहायचं तर खरं साल लिहावं. अक्षर जुनं घेतलं म्हणून वय उसनं घेऊ नये. चांगला खवा आटवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, दुकान जुनं व्हायचंही तसंच. तुमच्या गावात ब्रशने रंगवलेली एखादी पाटी अजून शिल्लक असेल, तर उतरवली जायच्या आत तिचा फोटो तेवढा काढून ठेवा.