उत्तरायण, मकरसंक्रांत आणि लोकाचार

मकरसंक्रांत हा मूलतः उत्तरायणाच्या स्वागताचा सण होय. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त आपल्या काळी उत्तरायण मकरारंभी होत असल्याचे नोंदविले. पूर्वीच्या शास्त्रांत ते धनिष्ठारंभी सांगितले होते, हेही त्याने नमूद केले. अयनचलनामुळे हा बिंदू सुमारे ७२ वर्षांत १ अंश सरकतो. परिणामी, आज वर्षातील सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला, तर संक्रांत बहुधा १४ किंवा १५ जानेवारीला येते. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तीत पौष मास २२ डिसेंबरला सुरू होतो. लोकाचार मात्र जुन्याच दिवशी टिकून राहिला.

याचे कारण सणाच्या सामग्रीत शोधावे लागते. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, सुगडातील ऊस, बोरे, गाजर व हरभऱ्याचे घाटे हे सर्व त्या हंगामातील शेतमाळ्याचे देणे आहे. थंडीत ऊब देणारा तिळगूळ साध्या घरालाही परवडतो. गणिताचा आधार सुटल्यावरही या लहानसहान सुखांनी सण तोलून धरला.

तथापि, हे सुख सर्वांच्या वाट्याला आले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनींनाच मान होता. विधवांना त्यातून वगळले जाई. म्हणून या परंपरेचे मूल्यमापन करताना तिथीच्या शुद्धतेइतकाच तिळगुळाच्या वाटणीचाही विचार होणे आवश्यक आहे.