भाऊसाहेबांचे काय झाले? पानिपतानंतरच्या तर्कवितर्कांचा मागोवा

बीड जिल्ह्यातील धारूर हे बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले तालुक्याचे गाव. आदिलशाही सरदार किश्वरखानाने सोळाव्या शतकात उभारलेल्या किल्ल्यामुळे ते किल्ले धारूर म्हणून ओळखले जाते. मराठ्यांच्या इतिहासात सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या एका बेपत्ता व्यक्तीच्या कहाणीत या गावाचे नाव ओझरते, परंतु महत्त्वाच्या वळणावर येते. १७६० सालाच्या प्रारंभी सलाबतजंग आणि निजामअली यांची फौज उदगीरहून धारूरच्या रोखाने निघाली होती. धारूरच्या बाजूस असलेल्या आपल्या कुमकेशी मिळावे, असा त्यांचा बेत होता. तो साधण्यापूर्वीच सदाशिवराव भाऊंनी त्यांना वाटेत गाठले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी झालेल्या उदगीरच्या लढाईत निजामाचा पराभव झाला आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख, तसेच दौलताबादसारखा किल्ला त्याला सोडून द्यावा लागला.

या विजयाने भाऊंचे नाव दुमदुमले. त्यानंतर परतूरच्या मुक्कामी उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला आणि मार्च महिन्यात भाऊ तेथून दिल्लीच्या दिशेने निघाले. मराठवाड्याला, किंबहुना साऱ्या दक्षिणेला, त्यांचे पुन्हा दर्शन झाले नाही. दहा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपताच्या रणांगणावर ते दिसेनासे झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. ते पडले की निसटले, या प्रश्नाने पुढील वीस-बावीस वर्षे पेशव्यांच्या दरबाराला आणि सामान्य जनतेला अस्वस्थ केले. या प्रश्नापायी एका माणसाला देहान्त शासन झाले, तर एका स्त्रीचे सारे उर्वरित आयुष्य सौभाग्य आणि वैधव्य यांच्या सीमारेषेवर गेले.

अखेरचे दर्शन

त्या दिवशी दुपारपर्यंत मराठ्यांची बाजू वरचढ होती, असे बहुतेक वृत्तान्त सांगतात. अठरा वर्षांचे विश्वासराव गोळी लागून पडले आणि रणाचा रंग पालटला. पुतण्याचा मृत्यू पाहून भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत घुसले. येथपर्यंतचा वृत्तान्त बहुतेक साधनांत जुळतो. यापुढे मात्र वाटा फुटतात. भाऊंचा हत्ती रिकामा दिसताच सैन्यात हलकल्लोळ माजला. त्या गोंधळाची आठवण मराठी भाषेने 'भाऊगर्दी' या शब्दात आजही जपून ठेवली आहे. ज्यांनी भाऊंना पडताना पाहिले असण्याचा संभव होता, ते त्यांच्या निकटचे लोक बहुतांशी तेथेच कामास आले. जे वाचले, ते त्या क्षणापूर्वीच दूर फेकले गेले होते. पुढे राज्याचा कारभार वाहणारे नाना फडणीस रणांगणातून कसेबसे निसटले. त्यांची आई त्यांना पुन्हा भेटली नाही. अशा हजारो कुटुंबांची माणसे त्या एका दिवसात हरवली. भाऊंचे बेपत्ता होणे हे त्या सामुदायिक बेपत्तापणाचे सर्वांत ठळक उदाहरण होते, आणि म्हणूनच त्यांच्याविषयीची प्रत्येक वार्ता घराघरांत कान देऊन ऐकली जात असे. भाऊ परत येऊ शकत असतील, तर आपला माणूस का येऊ नये, हा विचार त्यामागे असणे स्वाभाविक होते.

शिर नसलेले धड

भाऊंच्या मृत्यूचा सर्वांत तपशीलवार पुरावा शत्रूच्या छावणीतून आलेला आहे. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या युद्धाचा फारसी वृत्तान्त लिहिला. त्याच्या कथनानुसार लढाईनंतर प्रेतांच्या राशींत एक शिर नसलेले धड आढळले. जवळच काही मोती पडलेले असल्याने ते कोणा मोठ्या माणसाचे असावे, असा तर्क झाला. भाऊंना ओळखणाऱ्या मराठी वकिलांना ते दाखविण्यात आले आणि अंगावरील खुणांवरून ते भाऊंचेच असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. शिर नंतर एका अफगाण सैनिकाकडे सापडले. शुजाच्या मध्यस्थीने अंत्यसंस्कार करण्यात आले.

या खुणांपैकी एक विशेष महत्त्वाची आहे. १७५९ साली पुण्यात गारपिराजवळ मुजफरखानाच्या हस्तकाने भाऊंवर कट्यारीचा वार केला होता. त्या जखमेचा व्रण पाठीवर होता, असे काशीराज नोंदवितो. जन्मजात खुणा अनेकांच्या अंगावर असू शकतात. ज्ञात दिवशी, ज्ञात ठिकाणी झालेल्या वाराचा व्रण मात्र सहजासहजी दुसऱ्याच्या अंगावर आढळणार नाही. आधुनिक तपासाच्या कसोटीवरही हा पुरावा हलका म्हणता येत नाही.

तथापि त्याला मर्यादाही आहेत. काशीराजाने हा वृत्तान्त घटनेनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिला. धड आणि शिर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी मिळाले. ओळख पटविणारे जेत्यांच्या छावणीत होते. सर्वांत मोठी अडचण ही, की पुण्यातील कोणाही आप्ताने तो देह पाहिला नाही. विश्वासरावांच्या मृत्यूबद्दल पुण्यात शंका उरली नाही. 'विश्वास तर पानिपतात गेला' ही म्हणच रूढ झाली. भाऊंबद्दल अशी कोणतीही म्हण झाली नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

न पुसलेले कुंकू

नानासाहेब पेशवे या आघाताने खचून २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निवर्तले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत सोबत होत्या आणि रणांगणातून सुखरूप परतल्या होत्या. आपले पती गेले, हे त्यांनी मान्य केले नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही.

हा केवळ एका स्त्रीच्या भावनेचा प्रश्न नव्हता. हिंदू धर्मशास्त्रात परागंदा झालेल्या माणसाची साधारणतः बारा वर्षे वाट पाहून, पळसाच्या पानांची वा दर्भाची प्रतिमा करून तिचे दहन करण्याचा विधी सांगितला आहे. हा विधी झाल्यावर त्या माणसाचे श्राद्ध सुरू होते, पत्नी विधवा ठरते आणि वारसा मोकळा होतो. भाऊंच्या बाबतीत बारा वर्षे उलटून गेली, तरी उत्तरक्रिया झाली नाही. पेशव्यांच्या घराण्यानेच त्यांना विधिपूर्वक मृत ठरविले नसताना, रस्त्यावरच्या माणसाने त्यांना जिवंत मानले तर दोष कोणाला द्यावा? अफवेला खरे बळ मिळाले ते वाड्यातील या मौनामुळे, असे म्हणावे लागते.

तोतयाचा उदय

अशा वातावरणात उत्तर हिंदुस्थानात, बुंदेलखंडाच्या बाजूला, एक मनुष्य भाऊ म्हणून प्रकट झाला. तो कनोजी ब्राह्मण असून त्याचे नाव सुखलाल किंवा सुखनिधान असल्याचे पुढे निष्पन्न झाले. चेहरेपट्टीतील साम्य हे त्याचे भांडवल होते. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याला पकडून पुण्यास आणले गेले, भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांसमोर त्याची चौकशी झाली आणि तो तोतया ठरला. त्याला ठार न मारता निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले. हा निर्णय दयेचा की सावधगिरीचा, याची चर्चा तेव्हाही झाली असणार. लोकांनी मात्र त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढला. खोटा असता तर मारला असता, ज्या अर्थी जिवंत ठेवला त्या अर्थी काही तरी खरे आहे, अशी ती विचारसरणी होती.

१७७३ साली नारायणरावांचा खून झाला. पुढच्या वर्षी जन्मलेले सवाई माधवराव गादीवर आले. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. भाऊ खरोखर जिवंत असते, तर ते राघोबादादांपेक्षाही वयाने वडील होते. तान्ह्या पेशव्याच्या नावाने कारभार चालविण्याचा त्यांचा अधिकार कोणालाही नाकारता आला नसता. याचा अर्थ असा, की १७७६ साली 'भाऊ जिवंत आहेत' हे वाक्य म्हणजे पुण्याच्या सरकारवरचा अविश्वासाचा ठरावच होता.

त्याच वर्षी रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने आपल्या ताब्यातील या कैद्याला मुक्त केले आणि भाऊसाहेब म्हणून त्याचा पुरस्कार केला. पाहता पाहता कोकणातील अनेक ठाणी त्याच्या हाती गेली, हजारोंची फौज जमली आणि घाट चढून राजमाचीपर्यंत त्याने मजल मारली. अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा पाडाव केला. मुंबईकडे समुद्रमार्गे पळत असता कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या स्वाधीन केले. पुन्हा जाहीर चौकशी झाली. या वेळी त्याला व त्याच्या काही साथीदारांना जिवास मुकावे लागले. ज्या कारभाऱ्यांच्या सत्तेत हा निकाल लागला, त्यांत नाना फडणीस प्रमुख होते. पानिपतावर स्वतःची आई गमावलेल्या माणसाला त्याच रणातून 'परत आलेल्या' माणसाचा निवाडा करावा लागला.

न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. त्यामुळे ही घटना मराठी वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली.

अशा वार्ता का टिकतात?

हा प्रकार केवळ महाराष्ट्रात घडला असे नाही. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन १५७८ साली मोरोक्कोतील लढाईत नाहीसा झाला. त्याचा म्हणून एक देह पुढे लिस्बनला आणून पुरण्यात आला, तरीही त्याच्या नावाने एकामागून एक चार तोतये निघाले. बंगालमधील भावल संस्थानच्या कुमाराचा १९०९ साली दार्जिलिंगला मृत्यू झाल्याचे सांगितले गेले. १९२१ साली ढाक्यात आलेल्या एका संन्याशाने तोच कुमार असल्याचा दावा केला आणि १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत तो दावा टिकला. १८५७ च्या उठावाचे नेते नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत दिसेनासे झाल्यावर, १८७४ साली ग्वाल्हेरला एका माणसाला नानासाहेब म्हणून इंग्रजांच्या हवाली करण्यात आले. तो नानासाहेब नसल्याचे चौकशीत ठरले.

या साऱ्या उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. पुरावा अजिबात नसतो तेव्हाच तर्कवितर्क फोफावतात, असे आपण समजतो. प्रत्यक्षात पुरावा असूनही तो स्वीकारण्याची किंमत कोणाला तरी फार मोठी वाटत असते, तेव्हा ते अधिक काळ टिकतात. भाऊंच्या बाबतीत ही किंमत अनेकांना द्यावी लागणार होती. पत्नीला ती वैधव्याने द्यावी लागली असती. हरवलेल्यांच्या कुटुंबीयांना आशा सोडावी लागली असती. असंतुष्ट सरदारांच्या हातून एक सोयीचे निशाण गेले असते. बंडात सामील झालेल्या प्रत्येकाला तोतया हा खरोखर भाऊ वाटत होता, असे मानण्याचे कारण नाही. काहींना तो भाऊ असणे फायद्याचे होते, एवढेच. भाबडा विश्वास आणि हिशेबी विश्वास बाहेरून सारखेच दिसतात. म्हणूनच त्या गर्दीला सरसकट मूर्ख ठरविणे जसे अन्यायाचे, तसेच सरसकट निष्ठावंत ठरविणेही चुकीचे होईल.

आजच्या कायद्याने या प्रश्नाला एक व्यवहारी उत्तर दिले आहे. ज्यांना बातमी मिळायला हवी होती अशांना सात वर्षे एखाद्याची कोणतीही खबर मिळाली नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर येते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. कायदा येथे माणूस मेला असे ठामपणे सांगत नाही. वाट पाहण्याला तो फक्त एक मर्यादा घालतो. धर्मशास्त्रातील बारा वर्षांचा हेतूही तोच होता.

बहुतेक इतिहासकारांच्या मते भाऊ रणांगणावरच पडले, आणि उपलब्ध पुराव्याचा कौलही त्याच बाजूने आहे. तरीही हरियाणात रोहतक जिल्ह्यातील सांघी या गावी, जखमी भाऊ तेथे आले आणि साधू होऊन राहिले, अशी एका डेऱ्याची परंपरा सांगितली जाते. इतिहासाच्या कसोटीवर ती उतरत नसली, तरी हरलेल्या सेनापतीला आश्रय दिल्याचा अभिमान बाळगणाऱ्या गावाबद्दल मराठी माणसाला आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही.

पुण्यापुरता या प्रकरणाचा शेवट १७८३ साली झाला. त्या वर्षी पार्वतीबाई सौभाग्यचिन्हांसह निवर्तल्या. त्यांच्या उत्तरक्रियेबरोबरच सदाशिवराव भाऊंचीही उत्तरक्रिया करण्यात आली. पानिपताला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. वाट पाहणारे माणूस उरले नाही, तेव्हाच भाऊंना मृत मानले गेले.