शोल्डर होल्स्टर: काखेत पिस्तूल बाळगणं आरामाचं कधी होतं?

सिनेमातला डिटेक्टिव्ह आठवा. ऑफिसात येतो, कोट काढून खुर्चीला अडकवतो आणि पांढऱ्या शर्टावर खांद्यांवरून गेलेले चामडी पट्टे दिसतात. डाव्या काखेत पिस्तूल. हाच तो शोल्डर होल्स्टर. पडद्यावर तो एवढा रुबाबदार दिसतो, की तो अंगावर चढवून दहा तास वावरायचं म्हणजे काय, हा विचार आपल्या मनातही येत नाही.

अमेरिकेत मात्र हा रोजच्या व्यवहारातला प्रश्न आहे. तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत कायद्याने पात्र असलेला प्रौढ माणूस परवान्याशिवायही कपड्यांआड पिस्तूल बाळगू शकतो. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची 'खास कारण दाखवा, मगच परवाना' ही अटसुद्धा रद्द केली. आता पिस्तूल बाळगायचंच, तर ठेवायचं कुठे? होल्स्टर टोचू लागला की माणूस पिस्तूल काढून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो, आणि गाड्यांमधून चोरीला जाणारी पिस्तुलं ही तिथल्या पोलिसांची मोठी डोकेदुखी आहे. त्यामुळे इथे आराम ही चैनीची गोष्ट राहत नाही.

हा प्रकार मुळात बसणाऱ्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रणगाड्यांमधले सैनिक आणि वैमानिक अरुंद जागेत तासन्‌तास बसून असत. कमरेला लावलेलं पिस्तूल तिथे बरगडीत घुसायचं, नाहीतर कशाला तरी अडकायचं. त्यांच्यासाठी एम३ हा खांद्यावरून लटकणारा होल्स्टर आला. पुढे त्याला छातीभोवती एक पट्टा जोडून एम७ तयार झाला, कारण नुसत्या खांद्याच्या पट्ट्यावर पिस्तूल झोके घ्यायचं.

आजही ज्यांना याचा खरा फायदा होतो, ती माणसं अशीच आहेत. दिवसभर गाडी चालवणारे, टेबलाशी बसून काम करणारे, कंबरदुखी असलेले, किंवा ज्यांना घट्ट कमरपट्टा सोसत नाही असे. गरोदर बायकांनाही कमरेपेक्षा खांदा बरा पडू शकतो. आणखी एक फायदा कुणी फारसा बोलत नाही. शौचालयात गेल्यावर कमरेचं पिस्तूल काढून कुठेतरी ठेवावं लागतं आणि ते तिथेच विसरण्याचे प्रकार घडतात. खांद्यावरचं पिस्तूल जागचं हलत नाही.

कावडीचं गणित

चांगला होल्स्टर म्हणजे मऊ चामडं, अशी पहिली समजूत असते. पण खरा खेळ वजनाचा आहे. कावड आठवा. एकाच बाजूला घागर टांगली तर चार पावलांत खांदा भरून येतो, दोन्हीकडे सारखं वजन असलं की तेच ओझं दूरवर नेता येतं.

ग्लॉक १९ हे तिथलं लोकप्रिय पिस्तूल गोळ्या भरल्यावर साधारण ८५० ग्रॅमचं होतं. उजव्या काखेत भरलेली दोन जादा मॅगझिन्स लावली तर तिकडे अंदाजे ५०० ग्रॅम येतात. बरोबरी नाही, पण पट्टे एका बाजूला ओढले जात नाहीत. उलट पोलादी १९११ पिस्तूल भरून सव्वा किलोच्या पुढे जातं आणि त्याची दोन मॅगझिन्स मिळून साडेचारशेच्या आसपास. हा फरक संध्याकाळी मानेला कळतो. म्हणून मॅगझिन्सचा कप्पा 'नको, उगाच वजन' म्हणून काढून टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक. वजन कमी होतं आणि त्रास वाढतो!

दुसरी गोष्ट म्हणजे पाठीवरची फुली. दोन्ही पट्टे पाठीमागे जिथे एकमेकांना छेदतात, ती जागा दोन खवाट्यांच्या मध्ये असायला हवी. मान खाली वाकवल्यावर जो मणका बोटाला लागतो, त्यावर फुली चढली की काही तासांत डोकं धरतं. शिकागोच्या जॅकअॅस लेदर या कंपनीने (आजची गॅल्को) या फुलीच्या जागी चामड्याचे चारही पट्टे स्वतंत्रपणे फिरू शकतील असा जोड दिला. खांदे वर-खाली झाले तरी पट्टा अंगाबरोबर वळतो. 'मायामी व्हाइस' मालिकेतल्या सॉनी क्रॉकेटने हाच होल्स्टर वापरला आणि पुढे त्याचं नावच 'मायामी क्लासिक' पडलं. गंमत बघा, मायामीच्या उकाड्यात टी-शर्टवर ब्लेझर घालण्याची त्याची फॅशन जगभर गेली, पण त्या ब्लेझरशिवाय त्याला पिस्तूल लपवताच आलं नसतं.

पट्टे दीड-दोन इंच रुंद आणि चपटे असावेत. अरुंद पट्टा पिशवीच्या बंदासारखा कापत जातो. प्रत्येक खांद्याचा पट्टा वेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे, कारण बहुतेकांचा एक खांदा किंचित खाली असतो.

नळी कुणाकडे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि दुकानात तो सर्वांत शेवटी विचारला जातो.

आडव्या होल्स्टरमध्ये मूठ पुढे आणि नळी मागे असते. हात पटकन पोचतो, कोटाखाली आकारही कमी दिसतो. पण रांगेत तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे भरलेल्या पिस्तुलाची नळी रोखलेली असते. शिवाय पिस्तूल बाहेर काढताना नळी स्वतःच्या डाव्या दंडावरून आणि शेजारच्यांवरून फिरू शकते. याच कारणाने अनेक शूटिंग रेंजवर शोल्डर होल्स्टरमधून पिस्तूल काढायला मनाई असते. म्हणजे सराव करायचीच पंचाईत! ज्यांनी प्रशिक्षकासमोर, रिकाम्या पिस्तुलाने याचा पुरेसा सराव केलेला नाही, त्यांनी कितीही आरामदायी वाटला तरी हा होल्स्टर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उभ्या होल्स्टरमध्ये नळी जमिनीकडे राहते. लांब नळीच्या पिस्तुलाला तोच बरा, पण खालचं टोक कमरपट्ट्याला बांधावं लागतं, नाहीतर वाकलं की पिस्तूल पुढे झुलतं. तिसरा उलटा प्रकार, नळी वर काखेकडे. 'बुलिट' (१९६८) मध्ये स्टीव्ह मॅक्वीनने तसा वापरला होता. आखूड रिव्हॉल्व्हरपुरता तो ठीक, एरवी विसरलेला बरा.

प्रकार कोणताही असो, होल्स्टर नेमक्या त्याच मॉडेलसाठी बनलेला हवा. इयान फ्लेमिंगने 'डॉक्टर नो' (१९५८) मध्ये जेम्स बॉन्डला वॉल्थर पीपीके पिस्तूल दिलं आणि सोबत बर्न्स-मार्टिन होल्स्टर, जो मुळात रिव्हॉल्व्हरसाठी होता. कादंबरीत खपलं. खऱ्या आयुष्यात सैल होल्स्टरमधून पिस्तूल खाली पडतं, किंवा घामाने मऊ झालेलं चामडं आत दुमडून चापावर दाब देऊ शकतं. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि वरचं बटण एका अंगठ्याने उघडता आलं पाहिजे.

कोट काढायचा नाही

पातळ शर्टाखाली पाठीवरची फुली स्पष्ट उमटते. त्यामुळे अस्तर असलेलं, एक माप मोठं जॅकेट लागतं आणि ते दिवसभर अंगावरच ठेवावं लागतं. सगळे कोट काढून बसलेत आणि तुम्ही एकटेच घाम पुसताय, हे ज्यांना जमणार नाही त्यांनी कमरेचाच पर्याय बघावा.

विकत घेण्याआधी पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून, घरात दोन-तीन तास घालून बघा. बुटाची नाडी बांधा, वरच्या फळीवरचा डबा काढा, गाडीत सीटबेल्ट लावून बसा. हात सरळ खाली सोडल्यावर पिस्तूल दंडाला घासत असेल तर पट्टे अजून बसलेले नाहीत. नवं चामडं सैलावतं, म्हणून काही दिवसांनी पुन्हा माप घ्यावं लागतं.

आपल्याकडे हा विषय फार थोड्यांचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना असल्याशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा आहे. परवाना असला तरी २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात आणि झाकलेलं असावं लागतं. ते मिरवणं आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार उडवणं, दोन्हींना मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेदरकार गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.